मगरीचं पिल्लू आणि ओरांगउटानचं बाळ

चहाचा कप हातात असेल तर राहू द्या, पंधरा मिनिटांचंच काम आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातून घरी निघालो होतो. बाहेर आपला नेहमीचा बारीक पाऊस. मागच्या सीटवरून आमच्या धाकट्यानं, वय वर्षं आठ, विचारलं, "बाबा, गोरिला आणि मगर यांची मारामारी झाली तर कोण जिंकेल?" त्याच्या ताईनं लगेच निकाल देऊन टाकला, "पाण्यात मगर, जमिनीवर गोरिला." धाकट्याला ही तडजोड मान्य नव्हती. त्याला एकच विजेता हवा होता.

मी पंचतंत्र काढलं. जांभळाच्या झाडावरचं माकड, त्याच्याशी मैत्री करणारी मगर, आणि काळीज झाडावरच विसरलो ही माकडाची थाप. म्हणजे माकड हुशार आणि मगर मठ्ठ. तर चिरंजीव म्हणाले, "पण गोरिला माकड नाही. त्याला शेपटी नसते." बरोबर होतं त्याचं. गोरिला, चिंपांझी, बोनोबो, ओरांगउटान हे बिनशेपटीचे मोठे कपी, माकडांपेक्षा आपल्याला जास्त जवळचे. आणि मगर मठ्ठ असते हेही खरं नाही. तेव्हा त्या प्रश्नाचं नीट उत्तर शोधायचं मी मनावर घेतलं. ते आज तुम्हाला सांगतो.

आयर्लंडमध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना सरपटणारे प्राणी भेटतात ते बहुतेक पुस्तकात किंवा काचेमागे. सेंट पॅट्रिकनं साप हाकलून दिले ही इथली दंतकथा. खरं कारण हिमयुग. बर्फ वितळल्यावर साप इथवर पोहोचण्याआधीच हे बेट समुद्रानं वेगळं पडलं. जमिनीवरचा इथला मूळचा सरपटणारा प्राणी एकच, बोटभर लांबीचा एक सरडा. तो सापडला तर आम्ही फोटो काढतो.

माझं आजोळ मात्र कृष्णाकाठी, सांगली जिल्ह्यातलं. तिथे मगर ही गावातली गोष्ट आहे. मामाला फोन केला की पाऊसपाणी, उसाचा दर आणि मगर, या तिन्हींची बातमी मिळते. उन्हाळ्यात ती वाळूवर जबडा उघडून पडलेली दिसते. पावसाळ्यात पाणी चढलं की मळीच्या रानात येते. 2019 च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग भागात एका घराच्या छपरावर मगर येऊन बसली होती, तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कृष्णेत माणसांवर हल्ले झालेत, जीव गेलेत. तेव्हा मगरीचं कौतुक करताना मी हे विसरत नाही.

पण मगरीची आई म्हणून जी गोष्ट आहे, ती ऐकण्यासारखी आहे. आपल्याकडच्या नद्यांतली मगर फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास काठावर खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या उबेवर ठरतं. दोनेक महिन्यांनी, पावसाळा तोंडावर आला की अंड्यांच्या आतूनच पिल्लं आवाज करू लागतात. तो आवाज ऐकून आई वाळू उकरते. मग ज्या जबड्यानं ती म्हशीचं रेडकू ओढते, त्याच जबड्यात वीतभर पिल्लं अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते. हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. पहिल्यांदा आई झालेली मगरही ते करते.

पिल्लंही तशीच. अंड्यातून बाहेर आल्या आल्या त्यांना पोहता येतं, किडे पकडता येतात, धोका दिसला की पाण्यात दडी मारता येते. आई काही काळ आसपास राखण करते, पण शिकार शिकवत नाही. बहुतेक पिल्लं घोरपडी, बगळे, मोठे मासे यांच्या पोटात जातात. पंचवीसमधलं एखादं मोठं होतं. निसर्गानं हिशेब तसाच मांडलाय: पिल्लं पुष्कळ काढायची, बरोबर सगळी शिदोरी अंड्यातच बांधून द्यायची, आणि पुढचं नशिबावर.

म्हणून मगर मठ्ठ का? मुळीच नाही. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत एक गोष्ट पाहिली गेली आणि 2013 मध्ये ती शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली. बगळे घरटी बांधायच्या दिवसांत काड्या शोधत असतात, तेव्हा मगरी आपल्या नाकाडावर काड्या ठेवून पाण्यात निश्चल पडून राहतात. बगळा काडी उचलायला आला की संपलं. पंचतंत्रातल्या मगरीपेक्षा ही बरीच चलाख निघाली.

आता दुसरी बाजू. मगरीच्या नदीकाठी राहायचं कसं, हे मगरीला शिकावं लागत नाही, माणसाला लागतं. माझी आजी घाटावर धुणं आपटताना एक डोळा पाण्यावर ठेवायची आणि आम्हा पोरांना तिनं आखून दिलेल्या पायरीखाली उतरू द्यायची नाही. गोव्यात कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. तिकडे फोंडा तालुक्यातल्या काही गावांत पौष अमावास्येला शेतात चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. मांगेथापणी म्हणतात त्याला, मांगे म्हणजे मगर. खाजन शेतीचे बांध, खारं पाणी आणि मगर या तिन्हींबरोबर ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. तिथलं पोर चिखल कालवतं तेव्हा या पाण्यात आपल्याशिवाय आणखी कोण राहतं, हे त्याला आपोआप कळत जातं.

आता ओरांगउटान. हा शब्द मलय भाषेतला: ओरांग म्हणजे माणूस, हुतान म्हणजे अरण्य. आपण वनमानुष म्हणतो तसंच. बोर्निओच्या जंगलात ओरांगउटानची मादी साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच बाळाला जन्म देते. बाळंतपणांत एवढं अंतर ठेवणारे प्राणी फार थोडे. आयुष्यभरात तिला चार-पाच बाळं होतात. त्या सात-आठ वर्षांत बाळ आईच्या अंगाला धरून असतं आणि शिकत असतं. शेकडो झाडांतलं कुठलं फळ कधी पिकतं, कुठली साल खायची, कुठल्या फळाचे काटे कसे काढायचे, एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना फांदी कशी वाकवायची. संध्याकाळी झोपायला फांद्या मोडून नवं घरटं बांधायचं असतं. त्याचा सराव बाळ अगदी लहानपणापासून करतं आणि ते नीट जमायला वर्षं जातात. थोरली मुलगी पुष्कळदा आईला पुढचं भावंड वाढवताना पाहते. कुणी शाळा घेत नाही. पोर जवळ बसून बघतं, आईच्या तोंडातलं ओढून खाऊन पाहतं.

हा फरक किती खोल आहे ते प्राणी वाचवायची वेळ येते तेव्हा कळतं. 1970 च्या दशकात भारतातल्या मगरी संपत आल्या होत्या. कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली होती. 1972 चा वन्यजीव कायदा आला आणि 1975 मध्ये सरकारनं मगर प्रकल्प सुरू केला. पद्धत सरळ होती. नदीकाठची अंडी गोळा करायची, उबवायची, पिल्लं थोडी मोठी होईपर्यंत तळ्यात सांभाळायची आणि नदीत सोडायची. विदर्भातल्या ताडोब्यातही असं पालनकेंद्र होतं. आईशिवाय वाढलेली ती मगर पाण्यात सोडली की मगरीसारखीच जगते.

ओरांगउटानच्या बाबतीत हे चालत नाही. बोर्निओत जंगल तोडताना आई मारली गेली की मागे राहिलेल्या बाळाला नुसतं दूध पाजून मोठं करता येईल, पण जंगलात सोडता येणार नाही. तिथल्या न्यारू मेंतेंग या केंद्रात, जे 1999 मध्ये सुरू झालं, या अनाथ पोरांसाठी जंगलशाळा चालते. आसपासच्या गावातल्या बायका रोज सकाळी त्यांना कडेवर घेऊन जंगलात जातात. झाडावर चढायला लावतात, काय खायचं आणि कशाला भ्यायचं ते दाखवतात, संध्याकाळी परत आणतात. अशी वर्षानुवर्षं काढल्यावर कुठे ते पोर जंगलात जायला तयार होतं.

आणि आता आपल्या डब्लिनची गोष्ट. इथल्या झूमध्ये मुजूर नावाची ओरांगउटान मादी आहे. 2019 मध्ये आणि परत 2022 मध्ये तिला बाळ झालं. दोन्ही जगली नाहीत, कारण आईपण तिला जमत नव्हतं. 2024 मध्ये ती पुन्हा गरोदर होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बाळाचा बाप, सिबू, वारला. म्हणजे हे शेवटचंच. मग झूच्या लोकांनी काय करावं? त्यांनी अंगावर पाजणाऱ्या बायकांना बोलावलं. सुमारे तीस जणी आल्या, आपापली तान्ही घेऊन. मुजूरच्या समोर बसून त्यांनी बाळांना पाजलं. ओरांगउटान आयांचे व्हिडिओही तिला दाखवले. ती फार लक्ष देऊन बघायची, काही हालचालींची नक्कलही करायची.

31 जुलैला मुलगा झाला. यावेळी मुजूरनं त्याला जवळ घेतलं, सांभाळलं. पण पाजण्यासाठी बाळ जसं धरावं लागतं तसं ते तिला जमेना. वाट पाहून शेवटी झूच्या माणसांनी बाळ हाती घेतलं, बाटलीनं दूध सुरू केलं आणि इंग्लंडमध्ये डॉर्सेटच्या मंकी वर्ल्डकडे त्याला सोपवायचं ठरलं. तिथे ओरांगउटानच्या अशा पोरांसाठी पाळणाघर आहे, म्हणजे आपल्या जातीची सोबत मिळते.

ही बातमी तेव्हा बऱ्याच ठिकाणी गमतीची म्हणून फिरली. आमच्या ऑफिसातही हसून झालं. त्या संध्याकाळी मी ती बायकोला वाचून दाखवली, तर ती हसली नाही. म्हणाली, "तिला सोफ्यावरची उशी कुणी दिली नाही."

याचा अर्थ सांगायला मला 2012 सालच्या जानेवारीत जावं लागेल. आमची थोरली इथेच झाली. सासूबाईंच्या व्हिसाचे कागद कुठेतरी अडकले आणि त्या वेळेवर पोहोचू शकल्या नाहीत. घरात आम्ही दोघं आणि अडीच किलोचं बाळ. बाळ नीट दूध ओढेना, वजन उतरायला लागलं. मी काय केलं? मी एक्सेल शीट बनवली. वेळ, किती मिनिटं, डावी बाजू, उजवी बाजू. जे मोजता येतं ते सुधारता येतं असं मला शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी तर मी त्याचा आलेखही काढला. बायको रात्री तीन वाजता फोनवर व्हिडिओ बघायची आणि रडायची. भारतात तेव्हा सकाळचे साडेआठ. आई फोनवरून सांगायची, "अगं, घे जवळ, पिईल ते आपोआप."

मग पब्लिक हेल्थ नर्स घरी आली. इथे बाळंतीण घरी आली की ती येतेच, तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या आलेखाकडे तिनं पाहिलंही नाही. सोफ्यावर बायकोशेजारी बसली, उशी तिच्या कोपराखाली सरकवली, बाळाची मान हातात धरून म्हणाली, "तू बाळाकडे वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण." दहा मिनिटं गेली असतील. बाळ प्यायला लागलं. व्हिडिओत हेच सगळं होतं, पण कोपराखालची उशी व्हिडिओतून येत नाही.

तीन आठवड्यांनी सासूबाई आल्या. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, सगळं घेऊन. नर्सची गोष्ट ऐकून त्यांना नवल वाटलं. "यात शिकवायचं काय? आम्हाला नाही बाई कुणी शिकवलं." मला तेव्हा ते पटलं. मुजूरची बातमी वाचल्यावर बारा वर्षांनी लक्षात आलं की त्या चुकत होत्या. त्या वाढल्या त्या घरात कुणी ना कुणी कायम बाळंतीण असे. काकू, आत्या, शेजारची वहिनी. लग्नाआधी त्यांनी हजार वेळा बाळाला पाजताना पाहिलं होतं, बाळ धरलं होतं, ढेकर काढली होती. इतकं शिकवलं गेलं होतं की शिकलो हेच त्या विसरून गेल्या. जन्मजात आहे असं वाटायला लागलं.

आपली जात ओरांगउटानची आहे, मंडळी. फक्त आपण स्वतःला मगर समजतो.

आयर्लंडमध्येही हेच घडलं. अंगावर पाजण्याचं प्रमाण जगात सर्वांत कमी असणाऱ्या देशांत याची गणना होते. दोन पिढ्या बाटलीवर वाढल्या, आणि मग शेजारी बसून दाखवणारी आजीच उरली नाही. इथल्या बायकांचे त्यासाठी गट आहेत, ला लेचे लीग, कुडू. आया आयांना दाखवतात. मुजूरसमोर तीस जणी जाऊन बसल्या, त्यामागे हे कळलेलं होतं.

आता माझ्या घरातली खरी दुखरी गोष्ट सांगतो. आमची मुलं मराठी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात. तुमच्याकडेही असेल. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो, "येईल हो, घरात ऐकतातच. रक्तातच आहे." का म्हणत आलो? कारण आम्हाला मराठी कुणी शिकवली नव्हती. म्हणजे सासूबाईंचंच वाक्य. आम्हाला आठवत नाही की आजीनं, मामानं, गल्लीतल्या पोरांनी, एसटीतल्या कंडक्टरनं आम्हाला रोज शिकवलं होतं. इथे आमच्या पोरांना ते सगळं मिळून दोनच माणसं आहेत, आणि ती दोघंही दिवसभर लॅपटॉपवर इंग्रजीत बोलतात. दर रविवारी आईला फोन लागतो. धाकटा स्क्रीनसमोर येतो, "हाय आजी, आय ॲम फाइन," आणि पळतो. आईचं इंग्रजी 'फाइन'च्या पुढे जात नाही. ती म्हणते, "मोठा झालाय गं बाई," आणि मग पडद्यावर मीच उरतो. ती शहात्तर वर्षांची आहे. मगरीला पंचवीस पिल्लांत एक चालतं. आपल्याला तो हिशेब परवडत नाही.

आयरिश लोकांना हे आपल्यापेक्षा आधी कळलंय. त्यांची मुलं शाळा संपेपर्यंत आयरिश भाषा शिकतात आणि पुष्कळांना ती बोलता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात मुलांना तीन आठवडे गेलताख्तमध्ये पाठवतात, जिथे ती भाषा घराघरात बोलली जाते. तिथे मुलं एखाद्या घरी राहतात, त्या घरच्या बाईच्या हातचं जेवतात आणि मीठ हवं असेल तर आयरिशमध्ये मागतात. पुस्तकानं जे वर्षानुवर्षं होत नाही त्यातलं बरंच त्या जेवणाच्या टेबलावर होतं.

आम्ही मोठं काही केलेलं नाही. मराठीचा वर्ग, वर्कशीट, स्टिकरचा तक्ता, हे मी आधी करून पाहिलं. ती माझी दुसरी एक्सेल शीट होती. आता रविवारी पोळ्या करताना मुलं ओट्याशी असतात आणि तेवढा तास घरात इंग्रजी नाही. लाटणं, पोळपाट, कणीक सैल झाली, तवा तापला. थोरली परवा धाकट्याला म्हणाली, "अरे, पीठ नको फासूस सगळीकडे." 'फासूस' हा शब्द मी तिला कधी शिकवला नव्हता. बायकोच्या तोंडून तिनं उचलला. आणि आजीचा फोन आता 'हाय' म्हणायला लावायचा नसतो. धाकट्यानं तिला एक गोष्ट सांगायची असते, कुठलीही, मोडकीतोडकी.

गेल्या रविवारी त्यानं तिला मगर सांगितली. अंड्यातली पिल्लं आतून हाक मारतात, आई वाळू उकरते, तोंडात घेऊन पाण्यात सोडते. मधेमधे इंग्रजी शब्द येत होते, हातवारे चालू होते. आई शांतपणे ऐकत होती. तो म्हणाला, "आणि आजी, तो मगर खूप केअरफुल असतो."

"ती मगर," आई म्हणाली. "ती मगर जपून धरते."

"ती मगर जपून धरते," तो म्हणाला, आणि पुढे सांगायला लागला.

कोण जिंकेल ते त्यानं परत विचारलेलं नाही.